वावर, तलाव, जंगल: विदर्भातल्या जैवविविधतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भंडारा जिल्ह्यातला, धान लावणाऱ्या घरातला. गेली काही वर्षं लोक जैवविविधता नोंदवहीच्या (गावातल्या जीवांची लोकांना विचारून केलेली वही, प्रश्न १३ पाहा) कामासाठी गावोगावी फिरणं होतं आणि मग फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी एसटी स्टँडवर थांबवून लोक तेच तेच प्रश्न विचारतात. कॉलेजची पोरं परीक्षेसाठी विचारतात, शेतकरी वैतागून विचारतात, म्हाताऱ्या बाया जुनं आठवून विचारतात. ते सगळे इथं एका जागी ठेवलेत, शक्यतो जसे आले तसेच. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. जैवविविधता म्हणजे नेमकं काय? वाघ वाचवणं म्हणजेच ना?

वाघ त्यात येतोच, पण बेडूक, गांडूळ, मधमाशी, बांधीतलं (धानाच्या शेतातलं) शेवाळ, मातीतली बुरशी हे सगळं पण येतं. एखाद्या जागी किती प्रकारचे जीव आहेत ही झाली पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे एकाच जातीतले वाण. धान एकच, पण लुचई वेगळा, हिरानक्की वेगळा, चिन्नोर वेगळा, हलका धान उंचावरच्या बांधीत आणि भारी धान खोलगट बांधीत हे गणित आपल्या आजोबांना तोंडपाठ होतं. गाय एकच, पण वर्धेकडची गवळाऊ वेगळी. वाण गेले तरी धान आहे, गाय आहे असंच दिसत राहते, म्हणून हा तोटा कोणाच्या लक्षातच येत नाही. तिसरी गोष्ट परिसंस्था, म्हणजे तलाव, माळ, नदी, जंगल, आणि तिथल्या जीवांचं एकमेकांशी चाललेलं देणंघेणं. हे देणंघेणं तुटलं की त्याला ऱ्हास म्हणायचं, मग ती जागा वरून कितीही हिरवी दिसो. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा, पुढं खूप ठिकाणी कामी पडेल.

२. ऱ्हासाची मुख्य कारणं कोणती? (परीक्षेत पाच कारणं लिहा असं येते)

आयपीबीईएस नावाची आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांची संस्था आहे, तिच्या २०१९ च्या अहवालात पाच थेट कारणं दिलीत: जमीन आणि समुद्राच्या वापरात बदल, जीवांची अतिरेकी शिकार-तोड-मासेमारी, हवामान बदल, प्रदूषण आणि बाहेरून आलेल्या आक्रमक प्रजाती. परीक्षेला एवढं पुरते. पण पोराहो, उत्तरात आपल्याकडची उदाहरणं लिहा ना. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या कोळसा खाणी म्हणजे जमिनीच्या वापरातला बदल. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत आणि तिथून गोसेखुर्दच्या पाण्यात येते ते प्रदूषण, आणि त्याच पाण्यावर जलकुंभी पसरते ती आक्रमक प्रजाती. एकातून दुसरं निघते, पाच वेगळ्या डब्यात काही बसत नाही.

३. जाती नष्ट होणं तर निसर्गात चालतच असते, डायनासोर पण गेले. मग आताच एवढी ओरड काऊन?

जाती नष्ट होतात हे खरं, प्रश्न वेगाचा आहे. प्रश्न २ मधल्याच अहवालाप्रमाणे आताचा वेग मागच्या १ कोटी वर्षांच्या सरासरीपेक्षा किमान दहापट ते शेकडोपट जास्त आहे आणि अंदाजे १० लाख जाती धोक्यात आहेत. नवीन जात तयार व्हायला लाखो वर्षं लागतात, घालवायला एक पिढी पुरते.

आणि जगातून नष्ट होणं ही तर शेवटची पायरी झाली. त्याच्या कितीतरी आधी जीव आपल्या गावातून जातो. पुस्तकात तो ‘आहे’ म्हणून छापलेला असतो पण तुमच्या तलावावर त्यानं करायचं काम बंद पडलेलं असते. महाराष्ट्रातले जवळपास सगळे सारस आता एका गोंदिया जिल्ह्याच्या आसऱ्यावर आहेत. बाकी जिल्ह्यांतल्या धानाच्या बांध्या तशाच आहेत, सारस नाही.

४. गिधाडं कुठं गेली? आमच्या लहानपणी ढोर मेलं की अर्ध्या दिवसात साफ व्हायचं.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि दरवेळी पन्नाशीच्या पुढचाच माणूस विचारतो, कारण त्याखालच्यांनी ते पाहिलेलंच नाही. मी पण लहान होतो तेव्हा ढोरफोडीच्या जागेवर झाडं वाकेपर्यंत गिधाडं बसलेली पाहिली आहेत.

आधी लोकांना वाटलं रोग आला, कोणी म्हणे उंच झाडं तोडली म्हणून गेली. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या गिधाडांवरचं संशोधन आलं आणि कारण सापडलं: डायक्लोफिनॅक. ढोराला ताप, सूज, लंगडणं आलं की स्वस्तातलं इंजेक्शन म्हणून हे सर्रास द्यायचे. ढोर मेलं की औषध मांसात राहायचं आणि ते खाल्लं की गिधाडाची किडनी निकामी व्हायची. गिधाडं थव्यानं खातात, त्यामुळे एका मढ्यावर अख्खा थवा जायचा. पांढऱ्या पाठीचं गिधाड भारतात १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटलं. गोळी नाही, जाळं नाही, एका औषधानं.

२००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या ढोरांना टोचणं चालूच राहिलं, म्हणून २०१५ मध्ये त्या मोठ्या बाटल्या पण बंद केल्या. २०२३ मध्ये एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन पण जनावरांसाठी बंद झालं. मेलॉक्सिकॅम चालते, ते गिधाडाला सुरक्षित आहे. पशुवैद्यक गोठ्यात आला की बाटलीवरचं नाव वाचा आणि मेलॉक्सिकॅमच मागा, हे मी प्रत्येक गावात हात जोडून सांगतो.

आता परिणाम. मढी पडून राहायला लागली, त्यावर गावकुत्री वाढली, सडकं पाणी नाल्यात गेलं, पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती वाढली. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास आला, त्यांचा अंदाज असा की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या पाच वर्षांत देशात सुमारे ५ लाख माणसं जास्तीची मेली. एक पक्षी फुकटात काय काम करत होता ते तो गेल्यावर असं कळलं.

५. सरकार म्हणते वनक्षेत्र वाढलं, सॅटेलाइटवर पण हिरवं दिसते. मग ऱ्हास झाला म्हणता ते कसं?

सरकारी मोजणीत १ हेक्टर किंवा जास्त जागेवर १० टक्के तरी झाडांची सावली असली की ते वनाच्छादन. झाड कोणतं, जमीन कोणाची हे पाहत नाहीत. म्हणजे नुसतं सागवान लावलेलं रान, फळबाग आणि नवेगावचं मिश्र जंगल हे त्या आकड्यात एकाच रांगेत बसतात. आकडा खोटा नाही, तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

जंगल जिवंत आहे का ते पाहायचं तर मान खाली घाला. ऐन, बिजा, मोह, चार, तेंदू, धावडा यांची गुडघ्याएवढी पोरं खाली दिसतात का? की सगळीकडे रायमुनिया (घाणेरी) आणि रानतुळसच माजली आहे? रायमुनियाच्या जाळीत गवत येत नाही, गवत नाही तर चितळ-सांबराला चारा नाही, आणि मग ते तुमच्या वावरात येतात (प्रश्न १० पाहा). वरून फोटो काढला तर मात्र हिरवंगार.

६. ई-क्लास आणि झुडपी जंगलाची जमीन पडीकच आहे, तिथं झाडं लावली तर त्यात वाईट काय?

ई-क्लास म्हणजे गावाच्या चराईची सरकारी जमीन, झुडपी जंगल म्हणजे महसुली नोंदीत त्या नावानं असलेली झुडपांची जमीन. इथं माझं अनेकांशी भांडण होते, माझ्या स्वतःच्या मित्रांशी पण. ‘पडीक’ हा शब्द महसुलाचा आहे, निसर्गाचा नाही. गवताचा माळ ही पूर्ण परिसंस्था आहे. तिथं लांडगा, खोकड, ससा, तितर, चंडोल राहतात, तणमोर आणि माळढोक या पक्ष्यांना तर दुसरी जागाच नाही. माळढोक आता देशात दीडशेच्या आत उरलेत आणि वरोरा-भद्रावतीकडे एकेकाळी ते दिसायचे. तणमोर अकोला-वाशीमच्या माळावर पावसाळ्यात येतो, तिथं त्याला राखायला फासेपारधी लोकच पुढं आले, ज्यांना त्याची सवय आणि बसायच्या जागा सगळ्यात चांगल्या माहीत.

अशा माळावर खड्डे करून ओळीनं झाडं लावली की तिथं ना धड जंगल होत ना माळ राहत. ढोरांची चराई गेली ते वेगळंच. झाडं लावायचीच तर जिथं पूर्वी झाडं होती आणि तोडली तिथं लावा, पांदणीला लावा, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) लावा, आणि आपल्या मातीतली लावा.

झुडपी जंगलाचं प्रकरण आपल्या पूर्व विदर्भापुरतं आहे: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. वर्षानुवर्षं या जमिनीवर शाळा, घरं, गोठे झालेत, त्यामुळे हा विषय आला की गावात ताण येतो. सुप्रीम कोर्टानं २२ मे २०२५ ला निकाल दिला की झुडपी जंगल हे वनच आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सरकारनं दिलेल्या जमिनींसाठी त्यात नियमित करायची वाट ठेवली आहे. तुमचं घर अशा जागेवर असेल तर घाबरून कोणाला पैसे देऊ नका, आधी तलाठ्याकडून सातबारा आणि वाटपाचा कागद काढा.

७. मामा तलावात पाणी आहे, मासे पण सोडतात, तरी आमचे जुने मासे कुठं गेले?

माझ्या मनाच्या जवळचा प्रश्न, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हे हजारोंनी आहेत, बरेचसे गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, मोठे पाटबंधाऱ्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. मालगुजारी गेली ते चांगलंच झालं, पण त्यासोबत तलावाची दरवर्षीची देखभाल कोणाचीच राहिली नाही. पाळ फुटली तर अर्ज करा, गाळ साचला तर अर्ज करा.

मग तीन-चार गोष्टी एकामागून एक झाल्या. काठावर बेशरम (पाण्याकाठी माजणारं झुडूप) पसरली, तिनं उथळ पाण्याची जागा खाल्ली, आणि नेमकी तिथंच मासोळ्या अंडी घालतात, पाणकोंबड्या घरटी करतात. मच्छीमार सोसायट्यांना रोहू, कतला, मृगल सोडायला सांगितलं, कारण ते लवकर वाढतात आणि विकतात. त्यांना जाळं ओढायला अडचण नको म्हणून पाणवनस्पती काढून टाकल्या. देवधान, गाद, कमळ हे सगळं ‘कचरा’ म्हणून गेलं. पण मरळ, मांगूर आणि बारीक मासोळी त्या कचऱ्यातच वाढत होती. त्यावर वरच्या वावरातली खतं आणि औषधं पावसानं वाहून आली. आणि शेवटी खोलीकरण आलं. जेसीबी लावून तलाव सगळीकडून सारखा खोल केला की पाणी वाढल्यासारखं वाटते, पण उतरता काठ जातो, उथळ पाणी जातं, गाळपेरीची (पाणी उतरल्यावर गाळात पेरायची) जागा जाते. सारसाला चालायला गुडघाभर पाणी लागते, विहीर लागत नाही.

ढिवर म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाला हे सगळं आधीपासून माहीत होतं. कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा, कोणत्या महिन्यात कुठं जाळं टाकायचं नाही, हे त्यांना शाळेत शिकावं लागलं नाही. अर्जुनी मोरगावकडे ढिवर बायांनी आणि सोसायट्यांनी मिळून काही तलावांमधली बेशरम उपटली, तळ नांगरला, दुसऱ्या तलावातून आणून देशी पाणवनस्पती लावल्या, आणि त्यानंतर तिथं देशी मासे आणि पक्षी परत यायला लागले. मासा फक्त सोडून होत नाही, त्याचं घर लावावं लागते.

एक सूचना: थाई मांगूर कोणी स्वस्तात देतो म्हटलं तरी घेऊ नका. तो पाळायला बंदी आहे आणि तलावात सुटला तर बाकी मासे खाऊन टाकतो.

८. तणनाशकानं वावर कसं स्वच्छ होते, मजूर मिळत नाही, मग त्याला नावं काऊन ठेवता?

मजूर मिळत नाही हे शंभर टक्के खरं आहे, निंदणाचा खर्च मी पण भरतो, म्हणून जो मारतो त्याला मी दोषी धरत नाही. पण काय जाते ते माहीत असावं. धुऱ्यावरचा तरोटा, केना, पातूर, काटवलाचा वेल हे जाते, म्हणजे पावसाळ्यातली फुकटची भाजी जाते, आणि ती बहुतेक बायाच गोळा करतात म्हणून हिशोबात कोणी धरत नाही. धुऱ्यावरची फुलं गेली की मधमाशी आणि गांधीलमाशी जाते. संत्रा, भोपळा, कारली, कांद्याचं बी हे धरायला परागीकरण करणाऱ्या माशीची गरज असते. जगातल्या पिकांच्या प्रकारांपैकी ७५ टक्के पिकं थोडीफार तरी अशा जीवांवर अवलंबून आहेत.

निदान एवढं करा: वावरात मारा पण धुरा, पांदण आणि नाल्याचा काठ सोडा. तिथलं गवत कापा, जाळू नका, त्यावर औषध मारू नका. मी स्वतः एवढंच करतो आणि दोन-तीन वर्षांत धुऱ्यावर फुलपाखरं वाढलेली डोळ्यांनी दिसतात.

९. बीटी कापूस आल्यावर फवारणी कमी होणार होती ना?

सुरुवातीला झाली. २००२ मध्ये बीटी आली, बोंडअळीच्या फवारण्या काही वर्षं खरंच कमी झाल्या. मग तुडतुडे, मावा, पांढरी माशी वाढली, त्यासाठी फवारणी वाढली, आणि गुलाबी बोंडअळीला तर बीटी पचायलाच लागली. त्यात आपल्या चुका पण आहेत. पाकिटासोबत रेफ्युजचं (अळीला बीटीची सवय होऊ नये म्हणून कडेनं लावायचं) बिगर-बीटी बियाणं यायचं ते बहुतेकांनी धुऱ्यावर लावलंच नाही, आणि पैशाच्या ओढीनं फरदड (हंगाम संपल्यावरही वेचणीसाठी उभं ठेवलेलं कापसाचं पीक) ठेवली, त्यात अळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळालं. २०१७ मध्ये बोंडअळीनं पराटी (कापसाचं पीक) खाल्ली आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. हे लिहिताना आजही जीव तुटतो.

यात जैवविविधता कुठं आली? पूर्वी पराटीत तूर, ज्वारी, मूग, उडीद, बरबटी, अंबाडी अशा ओळी असायच्या. अळीला सलग खायला मिळत नव्हतं आणि ज्वारीवर बसलेले पक्षी अळ्या टिपायचे. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी ढोरं कमी झाली, ढोरं कमी झाली तसं शेणखत गेलं, आणि मातीतला जीव त्याच्या मागं गेला.

१०. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं तर पाहिजे तेवढी वाढली! मग कमी काय झालं?

एक-दोन जाती वाढणं आणि विविधता टिकणं या उलट्या गोष्टी असू शकतात. रानडुक्कर काहीही खाते, लवकर विते, झुडपात आणि तुरीत दोन्हीकडे राहते. ज्यांना ठरावीक चारा, ठरावीक जागा लागते ते कमी झाले, आणि ज्यांना काहीही चालते ते वाढले. त्यांना खाणारे लांडगे आणि कोळसून (रानकुत्रे) गावाजवळून गेले. वर आपण सोयाबीन, हरभरा, तूर असं बारा महिने ताट वाढून ठेवलं. जंगलातला चारा कसा गेला ते प्रश्न ५ मध्ये आहे.

रात्रभर मचाणावर जागणाऱ्या माणसाला निसर्ग वाचवा म्हणणं मला जमत नाही, त्याचं नुकसान खरं आहे आणि भरपाई वेळेवर मिळायलाच पाहिजे. पण कुंपणात थेट करंट सोडू नका. त्यात वाघ मेलेत, आणि माणसं पण मेलीत, कितीदा तर करंट सोडणाऱ्याच्याच घरातली. सौर झटका मशीन वेगळं असते, त्यात झटका बसतो पण जीव जात नाही. नुकसान झालं की फोटो काढून लगेच वनरक्षकाला कळवा, उशीर झाला की अर्ज अडकतो.

११. वाघ वाढले म्हणजे सगळं ठीक आहे असं समजायचं का?

२०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, त्यातले बहुतेक आपल्या विदर्भातले. ही आनंदाची गोष्ट आहे, वाघ टिकायला सावज, पाणी, आडोसा लागतो, त्यामुळे त्याच्या आसऱ्यानं बाकी पण टिकते. पण वाघ तलावातल्या मरळीबद्दल किंवा माळावरच्या तणमोराबद्दल काही सांगत नाही.

दुसरं, वाघ वाढले पण त्यांना एका जंगलातून दुसऱ्यात जायच्या वाटा तुटताहेत: रस्ते, नहर, खाणी, रेल्वे. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली जनावरांसाठी ९ वाटा बांधल्या, त्यातून वाघ, कोळसून, चितळ जाताना कॅमेऱ्यात सापडलेत. म्हणजे ठरवलं तर रस्ता पण होतो आणि वाट पण राहते.

१२. मोहफुलासाठी आणि तेंदूपत्त्यासाठी आग लावतात, ती तर पूर्वीपासूनच लावतात ना?

मोहाखाली फुलं वेचायला पाला जाळतात आणि तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून जाळतात. पूर्वी पण लावायचे. फरक असा की तेव्हा रान ओलं होतं, राखणारी माणसं होती, आणि आग एका जागी थांबायची. आता मार्च-एप्रिलच्या उन्हात वाळलेल्या रायमुनियाला लागली की डोंगर पेटतो. मोठी झाडं तगतात, खालची रोपं दरवर्षी मरतात, आणि वीस वर्षांनी म्हाताऱ्या झाडांमागं पुढची पिढीच नसते. टिटवी, तितर यांची अंडी, कासवं, सरडे जळतात ते मोजतच नाही कोणी.

मोहाखाली जुन्या साड्या किंवा हिरवी जाळी अंथरली तरी फुलं स्वच्छ मिळतात आणि भाव पण बरा येतो. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं तर सामूहिक वनहक्क (गावाला मिळून जंगल राखायचा-वापरायचा कायदेशीर हक्क) मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, आग आणि छाटणीनं जंगल खराब होते म्हणून, आणि बांबूवर कमाई उभी केली. प्रत्येक गावाला ते परवडेल असं मी म्हणणार नाही, तेंदूचा पैसा पेरणीच्या तोंडावर येतो, तो सोडणं सोपं नाही.

१३. आमच्या गावाची जैवविविधता नोंदवही झाली म्हणतात, पण कोणी पाहिली नाही. तिचा उपयोग काय?

२००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला पाहिजे आणि तिनं लोकांना विचारून नोंदवही करायची. हरित लवादानं जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा खूप ठिकाणी ती घाईत झाली. मी एका गावात अशी वही पाहिली जिच्यात त्या तालुक्यात कधी नसलेली झाडं होती आणि गावातल्या तलावाचं नावच नव्हतं.

वही ग्रामपंचायतीत मागा, तो तुमचा हक्क आहे, आणि चुकीची असेल तर ग्रामसभेत दुरुस्त करा. खाण, रस्ता, कंपनी आली तर आमच्याकडे काय होतं हे सांगायला गावाकडे आणखी कोणता कागद असतो? वनौषधी व्यापारासाठी नेणाऱ्यांकडून वाटा मागायला पण ती कामी पडते.

१४. एकदा गेलेलं परत येते का?

काही येते, काही नाही, आणि वेळ वेगवेगळा लागतो. जगातून संपलेली जात परत येत नाही. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, म्हणून औषध बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी ती अजून सावरली नाहीत. २०२४ मध्ये पेंचमध्ये बाहेरून आणलेली लांब चोचीची गिधाडं ठेवली, ते काम नाजूक आहे.

गवत, झुडूप, तलाव मात्र फार लवकर उत्तर देतात. अचलपूर तालुक्यातलं पायविहीर पाहा, उजाड टेकडी सामूहिक वनहक्कात मिळाली, गावानं चराईबंदी आणि राखण केली, सीताफळं विकून मजुरी गावातच तयार केली आणि २०१४ मध्ये त्यांना भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये वनहक्क मिळाला, त्याच्या कितीतरी आधीपासून ते जंगल राखत होते.

१५. आम्ही गावात चार-पाचच जण आहोत. सुरुवात कुठून करायची?

चार-पाच पुरतात. आधी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बायांकडे जा, पूर्वी कोणत्या भाज्या, सात्या (अळंबी), मासे, पक्षी होते ते त्यांच्या नावानं लिहून घ्या, कारण ही नावं त्यांच्यासोबत जाताहेत. मग एकच जागा निवडा, सगळं गाव नको.

तलाव निवडला तर ढिवर सोसायटीला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, त्यांना न विचारता काही करू नका. बेशरम एप्रिल-मे मध्ये पाणी आटल्यावर काढा आणि मुळासकट काढा, कांडी राहिली तरी फुटते. काढलेली पाळीवर किंवा नाल्यात टाकू नका, उंच कोरड्या जागेवर उलटी पसरवून पूर्ण वाळू द्या. पहिल्या पावसानंतर परत एकदा फेरी मारा, फुटवे दिसतील, ते कोवळे असतानाच उपटा. दुसऱ्या वर्षी पण हेच करावं लागते. देशी वनस्पती लावायच्या तर जवळच्याच तलावातून आणा, आणि आणताना जलकुंभीचं एखादं रोप सोबत येत नाही ना ते हातानं चाळून पाहा.